लुर्दीनबायचो खुळो

मालवणच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी वाकून लुर्दीनबायने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मालवणासून मालवणाक जाणारी गाडी कितीक वाजता सुटता?"

मी तिच्या मागे दोघांच्या बॅगा घेऊन उभा होतो. आम्हाला कुडाळला जाऊन रेल्वे गाठायची होती. आमच्या मागच्या रांगेतले लोक माझ्याकडे बघायला लागले, जणू प्रश्न मीच विचारला होता. खिडकीतल्या कंट्रोलरने मान वर न करता उत्तर दिलं, "ती आत्ताच गेली."

लुर्दीनबायचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "बघलंस महेशा? ह्येका म्हणतत घट्ट माणूस! इतको वायट प्रश्न घातलंय, पण पडलो नाय."

लुर्दीनबायच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं आणि दोनच प्रकारची यंत्रं. वेडावाकडा प्रश्न घातला की पडणारी आणि न पडणारी. एटीएमसमोर उभी राहिली की ती आधी शून्य रुपये मागून बघते. हॉटेलात गेली की "एक सोलकढी, बरी गरम करून" अशी ऑर्डर देते. एकदा एका वेटरने निमूटपणे ती खरंच गरम करून आणली. नारळाचं दूध फाटून वर गुठळ्या तरंगत होत्या. लुर्दीनबायने ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. मी म्हटलं, "अगो, टाक ती." तर म्हणाली, "मी मागलंय, मीच पितलंय. तेचो काय दोष?"

चर्चमध्ये नवे फादर आले तेव्हा पहिल्याच पापनिवेदनात तिने त्यांना विचारलं, "फादर, पाप करूक गेलंय पण जमला नाय, तर तेचा अर्धा पाप लागता?" फादर पडद्यापलीकडे बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या आयतवाराक ये." बाहेर येऊन लुर्दीनबायने मला सांगितलं, "फादर हँग झालो."

तर ही लुर्दीन फर्नांडिस. गावात लुर्दीनबाय, बंगळूरच्या ऑफिसात लुर्दीन मॅडम. पन्नाशी ओलांडलेली, केस पोरासारखे कापलेले, आणि हसणं असं की आमच्या ऑफिसखालच्या जाळी-दोरांच्या दुकानातलं गिऱ्हाईक घासाघीस थांबवून वर बघतं. आमचं ऑफिस म्हणजे त्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, एक खिडकी आणि लाइट गेली की ओरडणारी एक बॅटरी. लॉकडाउनमध्ये आम्ही दोघं बंगळूरहून घरी आलो ते परत गेलोच नाही. कंपनीने आधी डोळे वटारले, मग सोडून दिलं.

आम्ही चिप बनवणाऱ्या कंपनीत आहोत. मालवणात हे कोणाला सांगितलं की तो विचारतो, "केळ्याचे काय बटाट्याचे?" लुर्दीनबाय प्रत्येकाला उत्तर देते, "रेतीचे." ते खरंही आहे, चिपचं सिलिकॉन रेतीतूनच निघतं. आमच्या चिप मोटारी चालवतात. पंप, लिफ्ट, बर्फ फोडायची यंत्रं, असल्या ठिकाणी मोटार कधी फिरवायची आणि कधी थांबवायची हे ती नखाएवढी चिप ठरवते. त्या चिपचा एक भाग मी रचतो. मी रचलेलं मोडता येतं का हे बघणं ही लुर्दीनबायची नोकरी. अशा दोन माणसांना एका खोलीत बसवणं म्हणजे सुतार आणि वाळवी यांना एकत्र राहायला सांगणं. आम्ही मात्र बरी वर्षं टिकलो.

हे मोडून बघणं आधीच का करायचं, तर चिप एकदा कारखान्यातून तयार होऊन आली की संपलं. मोबाइलमधल्या अ‍ॅपसारखं "चूक झाली, नवीन घ्या" असं मागाहून सांगता येत नाही. म्हणून ती कागदावर, म्हणजे संगणकात असतानाच तिला हजार गोष्टी विचारून बघतात. पण विचारणारे इंजिनियर असतात. त्यांना जे सुचतं तेच ते विचारतात. 'चालू हो' म्हटल्यावर चालू होते का, 'थांब' म्हटल्यावर थांबते का. चिप शहाण्या मुलासारखी सगळी उत्तरं देते आणि सगळे टाळ्या वाजवतात.

लुर्दीनबायला या टाळ्यांचा भारी राग. "शाण्यान विचारल्यार कोणय सांगात," ती म्हणायची, "आणि खुळ्यान विचारल्यान तर?"

हा तिचा पेटंट प्रश्न. आणि याच प्रश्नातून तिने तो प्रोग्रॅम लिहिला. रात्रभर चिपच्या कानात काहीच्या बाही बरळायचं, हे त्याचं काम. थांब, थांब, चालू, उलट फीर, थांब, मध्येच अर्धवट तोडलेला हुकूम, मग पुन्हा चालू. ज्या बरळण्याने चिपच्या आतला एखादा नवा कोपरा उघडला ते जपून ठेवायचं, त्यालाच आणखी पिरगळून पुन्हा पाठवायचं. आणि शेजारी एक आदर्श उत्तरपत्रिका ठेवायची. चिपचं उत्तर तिच्याशी जुळलं नाही की तक्रार नोंदवायची. जगात या प्रकाराला फझिंग म्हणतात. लुर्दीनबायने आपल्या प्रोग्रॅमचं नाव ठेवलं 'खुळो'.

बंगळूरला कोणाला त्याचा अर्थ कळेना. तिकडच्या एका हुशार मुलाने ते इंग्रजी अक्षरं जोडून केलेलं लघुरूप असणार असं ठरवून त्याचं लांबलचक पूर्ण नावही तयार केलं आणि मोठ्या सभेत पडद्यावर दाखवलं. शेवटचा 'ओ' कशासाठी, हे मात्र त्यालाही सांगता आलं नाही. लुर्दीनबाय कॅमेरा बंद करून इतकी हसली की खालून दुकानदार बघायला वर आला.

आता खुळो रोज रात्री बरळायचा आणि सकाळी तक्रारींचा डोंगर समोर असायचा. डोंगर म्हणजे खरोखर डोंगर. तिची सकाळ त्यातच जायची. चहाचा ग्लास घेऊन ती एकेक तक्रार वाचायची, नाक्यावरच्या बातम्या ऐकाव्यात तशी, आणि मध्येच मला सांगायची, "आज खुळो काय म्हणता बघ! मोटार उलटी फिरवून मगे विचारता, तू जिती आसस?" मला त्यात गंमत वाटायची. बंगळूरला वाटत नव्हती. तिथे आमचे मॅनेजर कृष्णन. सज्जन माणूस, आवाज कधी चढवणार नाही. पण ज्या दिवशी ते नेहमीपेक्षा सावकाश बोलतात त्या दिवशी समजावं की काहीतरी पडणार आहे.

एके दिवशी ते फोनवर फारच सावकाश बोलले. आमच्या सभा इंग्रजीत होतात. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: "लुर्दीन, तुझा खुळो बरोबर आहे हे मला मान्य आहे. पण माझ्या माणसांना डोंगर वाचायला वेळ नाही. त्यातल्या बऱ्याच तक्रारी एकाच चुकीच्या असतात. बऱ्याच तर चुकाच नसतात, तुझी उत्तरपत्रिकाच चुकलेली असते. आणि तो चालवायचा तर तूच लागतेस. आम्ही जसं काम करतो त्यात तो बसला तर ठेवू. नाहीतर ही चिप कारखान्याकडे गेली की बंद करू."

लुर्दीनबायने "ओके" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दुपारी तिने डबा खिडकीपाशी उभं राहून खाल्ला. बांगड्याचं तिखलं होतं. त्यातला एक तुकडा ती रोज मला न विचारता माझ्या डब्यात टाकते, तो त्या दिवशी टाकला नाही.

"एवढा काय मनाक लावून घेतंस?" मी म्हटलं. "थोडो गाळ काढलंस की झाला."

"गाळ?" ती माझ्याकडे वळली. "तो गाळ नाय रे. तेचा बोलणा आसा ता."

मला वाटलं, यंत्राबद्दल बोलताना सगळेच इंजिनियर असं बोलतात.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली, आणि मालवणावर एक नवीनच संकट आलं. लुर्दीनबाय आता गाळायला शिकत होती. आणि ती काहीही शिकायला लागली की त्याचा सराव आजूबाजूच्या माणसांवर करते.

तिची धाकटी बहीण रेजिना म्हापशाला दिली आहे. ती रोज दुपारी फोन करून गाऱ्हाणी सांगते. लुर्दीनबाय एरवी "हां गो, हां गो" करत ऐकायची. एक दिवस मध्येच म्हणाली, "रेजिना, थांब. दूध उतू गेला, पडदे धुवाक टाकूचे ऱ्हवले, डोक्या दुखता आणि घोव बोलणा नाय. ही चार गाऱ्हाणी न्हय. हा एकच गाऱ्हाणा आसा. तुझी सासू इली हा." मग रेजिना म्हणाली, "तुका कसा कळला?" त्यानंतर दोन आठवडे रेजिनाने फोन केला नाही.

आता पाळी माझी. एका सोमवारी मी चालत, उशिरा पोचलो आणि कारण सांगायला बसलो. आदल्या दिवशी आम्ही स्कूटरवरून कुणकेश्वरला गेलो होतो. बायको, मी, आणि दुसऱ्या स्कूटरवर मेव्हणा. परत येताना मेव्हण्याने हौसेने माझी स्कूटर चालवायला घेतली, पुढे नारळांचं पोतं ठेवलेलं, आचऱ्याच्या अलीकडे चढ लागला, आणि...

"थांब," लुर्दीनबाय म्हणाली. "मेव्हण्याक काढ."

"काढ म्हणजे?"

"मेव्हणो नाय. तूच चालवतंस. स्कूटर बंद पडता?"

मी विचार केला. "पडता."

"मगे मेव्हणो नको. नारळ काढ. पडता?"

"पडता."

"चढ काढ."

"वायच फुडे जाऊन पडली असती."

"कुणकेश्वर काढ."

"लुर्दीनबाय, देवाक तरी..."

"पडता काय नाय, इतक्याच सांग."

"पडता," मी म्हणालो.

"पेट्रोल?"

मी संगणक चालू करायला घेतला.

"स्कूटरीत पेट्रोल नव्हता," लुर्दीनबायने निकाल दिला. "इतक्याच सांगूचा. कृष्णनाक हीच गजाल व्हयी."

घरी जाऊन मी ही गंमत बायकोला सांगितली. ती हसली नाही. तिचं म्हणणं एकच, "पयलो माझ्या भावाकच कित्याक काढल्यान?"

पण खुळो सुधारत गेला हे खरं. एकाच चुकीच्या तक्रारी तो आता एका जागी गोळा करायला लागला. प्रत्येक ढिगातली एक तक्रार उचलून तिच्यातला मेव्हणा, नारळ, चढ असं एकेक काढून बघायचा आणि चिप तरीही पडते का हे तपासायचा. उत्तरपत्रिकेतल्या चुका लुर्दीनबायने स्वतः बसून शोधल्या. त्या बऱ्याच निघाल्या आणि प्रत्येक सापडली की ती स्वतःच्या कपाळावर हात मारून "शिरा पडो माझ्या तोंडार" म्हणायची. शेवटी तिने खुळ्याला बंगळूरच्या रोजच्या रात्रीच्या तपासणीत असा बसवला की कोणाला वेगळं काही करायलाच नको. रात्री सगळं चालतं तसं तोही चालतो. सकाळी सांगण्यासारखं काही असलं तर ज्याची चूक त्याला एक मेल. नसलं तर गप्प.

"गप्प" हा शब्द तिने मला समजावताना जरा थांबून उच्चारला होता. तेव्हा मी माझ्या कामात होतो.

चिप कारखान्याकडे पाठवायची तारीख जवळ आली. बंगळूरला सगळे जागे, सगळे चिडलेले. माझा भाग कधीच पास झाला होता. सकाळी मी ऑफिसात आलो, संगणक उघडला आणि खुळ्याची मेल दिसली. मला. फक्त तीन हुकूम होते: चालू हो. स्वतःला तपास. थांब. आणि खाली एक ओळ, की तपासणी संपण्याच्या नेमक्या क्षणी 'थांब' पोचलं तर चिप 'थांबले' असं सांगते, पण मोटारीचा प्रवाह चालूच राहतो.

मी खुर्ची मागे सरकवली. "असा कोण करता? तपासणी संपताना त्याच टायमाक कोण बटण दाबतलो? लाखात एकदा पण नाय."

मला तिचा पेटंट प्रश्न अपेक्षित होता. तो आला नाही. तिने मला खिडकीपाशी बोलावलं. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर समोरच बर्फाची लादी फोडायचं यंत्र आहे. होड्या लागल्या की दिवसभर ते कडाकडा ओरडत असतं. त्या वेळी एक माणूस यंत्राच्या तोंडात अडकलेला बर्फाचा तुकडा हाताने ओढत होता. यंत्र बंद होतं.

"त्या मोटारीत कोणाची चिप आसा?" तिने विचारलं.

"माका काय म्हायत?"

"माका पण नाय. फाल्यां-परवां तुझी आसात. यंत्र सांगता, थांबलंय. माणूस हात घालता. तो खुळो न्हय हां महेशा. तेणा यंत्रावर इस्वास ठेवल्यान."

एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली. मी तीन हुकूम जसेच्या तसे चालवून बघितले. पडद्यावर माझा भाग 'थांबले' म्हणत होता आणि मोटारीच्या प्रवाहाची रेघ खाली यायचं नाव घेत नव्हती. पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. वेळ एका कणाने मागेपुढे केली की सगळं छान. नेमकी जुळवली की रेघ वर. मी खिडकीतून पुन्हा खाली बघितलं. तो माणूस हात पुसत बिडी पेटवत होता.

कृष्णनना फोन कोणी करायचा यावर आमच्यात एकमत होतं: मी. माझीच चूक, मीच सांगणार. त्या दिवशी तारीख पुढे ढकला म्हणणं म्हणजे वरातीत जाऊन नवरदेवाला घोड्यावरून उतरवणं. मी मेलमधले तीन हुकूम वाचून दाखवले. मला वाटलं, आता ते सावकाश बोलणार. ते नेहमीच्याच वेगाने बोलले.

"मी इथे चालवून बघतोय," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "हो. दिसलं." आणि मग, "लुर्दीन आहे का तिथे? तिला सांग, खुळ्याची तक्रार माझी कॉफी गार व्हायच्या आत समजली, असं आज पहिल्यांदा झालं."

तारीख पुढे गेली. मी चूक दुरुस्त केली, दुरुस्तीत आणखी एक चूक केली, ती खुळ्याने दुसऱ्या सकाळी दोन हुकुमांत पकडली, मी तीही दुरुस्त केली. मग खुळो गप्प झाला. चिप कारखान्याकडे गेली आणि काही महिन्यांनी बनून आली. बंगळूरच्या टेबलावर पहिल्या दिवशी मोटार फिरली, आणि सांगितल्यावर थांबली. त्या दिवशी लुर्दीनबायने तिखल्याचे दोन तुकडे माझ्या डब्यात टाकले.

त्यानंतर खुळ्याचे दिवसच पालटले. कंपनीने तो सगळ्या चिपना लावायचं ठरवलं. त्याच्यासाठी बंगळूरला माणसं नेमली. लुर्दीनबायला कुरिअरने एक काचेचं स्मृतिचिन्ह आलं. ते खरंच काचेचं आहे का, हे तिने टेबलाच्या कडेवर हलकेच आपटून तपासलं. त्याचा एक कोपरा उडाला. "पडला," ती म्हणाली आणि ते कपाटावर ठेवून दिलं. तिला तिकडे येऊन त्या माणसांची प्रमुख हो असंही विचारलं गेलं. ती नाही म्हणाली. घर सोडून कुठे जाऊ, म्हणाली, जणू घरात दहा माणसं वाट बघत होती.

तिच्या घरात एकही माणूस नाही, हे मला माहीत होतं. तिची आई जाऊन दोन पावसाळे झाले. भाऊ आखातात. मोठं कौलारू घर, मागे माड, पडवीत एक मांजर. हे माहीत असणं वेगळं. मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

सकाळी ऑफिसात आल्यावर ती आता लगेच कामाला लागायची. चहा लवकर संपायचा. खुळो तिच्याशी बोलतच नव्हता. त्याला जे सांगायचं ते तो बंगळूरला, हैदराबादला, ज्याची चूक त्याला परस्पर सांगायचा. कधी माझ्याकडे मेल आली की ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची आणि सहज विचारल्यासारखं विचारायची, "तुका काय म्हणालो?" मी वाचून दाखवायचो. दोन ओळी असायच्या. ती "बरा" म्हणून परत जायची.

मग एका सभेत बंगळूरच्या एका मुलाने विषय काढला. खुळ्याचं न गाळलेलं बरळणं अजून साठवून ठेवलं जातंय, जागा फार खातं, कोणी वाचत नाही, टाकून देऊ या का? कृष्णननी विचारलं, "कोणाला लागतं का?" कोणी बोललं नाही. मी लुर्दीनबायकडे बघितलं, कारण अशा वेळी ती हमखास काहीतरी वेडंवाकडं विचारते. ती बाटलीचं झाकण लावत होती आणि काढत होती.

"मग पुढच्या आठवड्यात काढू," कृष्णन म्हणाले.

सभा संपल्यावर आम्ही कोपऱ्यावर चहाला गेलो. तिने ग्लास हातात धरला आणि प्यायली नाही.

"मम्मी होती ना," ती म्हणाली, "ती उठल्यापासून बोलायची. काय बोलात तेका ताळतंत्र नाय. मांजराक फातराक, कोणाकय. मी म्हणायचंय, मम्मी, वायच गप ऱ्हव गो. मगे ती गेली. आणि त्याच वर्साक मी ह्यो खुळो लिवलंय." "सकाळी कोण तरी कायबाय सांगूक व्हया रे. कामाचाच सांगूक व्हया असा काय नाय."

मग तिने हसून ग्लास रिकामा केला आणि चहावाल्याला विचारलं, "चाय परत घेतंस काय रे? आवडली नाय." चहावाला म्हणाला, "पोटातली घेणंय नाय, बाय." ती खूश झाली आणि आम्ही वर गेलो.

दुसऱ्या दिवशी मी कृष्णनना फोन करून सांगितलं की ते न गाळलेलं बरळणं मला लागतं. "कशाला?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे कारण तयार होतं, जरा लांब होतं, त्यात बरेच मेव्हणे आणि नारळ होते. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "महेश, पाठवायचं कोणाच्या नावावर? तुझ्या की लुर्दीनच्या?"

"लुर्दीनच्या," मी म्हणालो.

"ठीक आहे," ते म्हणाले. आणि त्यावर काही विचारलं नाही.

मागच्या रविवारी सकाळी बायकोने भरलेली आमसुलांची बरणी द्यायला मी लुर्दीनबायच्या घरी गेलो. पायऱ्या चढतानाच आतून तिचा आवाज आला. मोठ्याने बोलत होती, मध्येच हसत होती. मला वाटलं रेजिना आली असेल, म्हणून परत फिरायला लागलो. मग बघितलं तर पडवीत ती एकटीच. मांडीवर लॅपटॉप, बाजूला पेजेचं भांडं, आणि मांजराला पडद्यावरचं वाचून दाखवणं चाललेलं.

"ये रे," मला बघून ती म्हणाली. लाजली वगैरे मुळीच नाही. "बस. पेज घेतंस?"

तिने आतून एक वाडगा आणला, वर लोणच्याची फोड ठेवली आणि पुढे वाचायला लागली. खुळ्याने रात्रभर कुठल्याशा पंपाच्या चिपला काय काय विचारलं होतं ते. थांब. थांब. उलट फीर. अर्ध्यावर तुटलेलं काहीतरी. पुन्हा थांब. त्यात ना कोणाची चूक होती ना कोणाचं काम. चर्चची पहिली घंटा झाली तरी ती वाचत होती. माझी पेज संपली, वाडगा सुकायला लागला. मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो.